सुटे पैसे

आत्याचं लग्न बस बंद पडल्यामुळे झालं, असं आमच्या घरात सांगितलं जायचं. सांगायची ती आजी. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं गिरगावच्या चाळीत जमायचो. दुपारची भांडी आटोपली की आजी मोड आलेल्या कडव्या वालांची परात घेऊन गॅलरीत बसायची आणि नातवंडांना वाल सोलायला बसवायची. भिजलेल्या वालाला अंगठ्याने दाब दिला की आतला दाणा सुळकन निसटतो. एखादा परातीत पडतो, एखादा कठड्याच्या गजांतून थेट खालच्या नळावर. परात संपेपर्यंत कुणी उठू नये म्हणून गोष्ट असायची.

"आषाढ होता. आभाळ फाटलं होतं नुसतं. तुमची आत्या फोर्टातल्या कचेरीतून सुटली, कशीबशी बसमध्ये चढली, आणि बघते तर काय, तिकिटाला सुटे नाहीत. एक रुपयाची नोट तेवढी. कंडक्टर म्हणाला, सुटे द्या, नाहीतर उतरा. आता भरपावसात पोरीने उतरायचं कुठे? मागे एक गृहस्थ उभे होते. ओळख ना देख. ते म्हणाले, दोन द्या. झालं! तिकिटाचं ऋण डोक्यावर बसलं. आणि धोबी तलावाला बस पडली बंद. सगळे खाली उतरले. ऋण फेडायला हवं, म्हणून आत्या समोरच्या इराण्याकडे नोट मोडायला गेली."

इथे आजी थांबायची. हातातला वाल सोलून व्हायचा, मग पुढचं वाक्य. "ते गृहस्थ म्हणजे तुमचे आतोबा. गाठी वर बांधलेल्या असतात. माणसाने फक्त बसमध्ये चढायचं."

ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली की तो पाऊस मला माझ्या स्वतःच्या आठवणीसारखा दिसायचा. पुढे सिनेमे बघण्याचं वेड लागलं आणि त्यातही अवचित भेटीचे हलकेफुलके सिनेमे मी हौसेने बघू लागले, त्याच्या मुळाशी ही परात आहे. दोन अनोळखी माणसं एका छपराखाली येतात, काहीतरी सांडतं, हरवतं, बंद पडतं, आणि सगळं बदलून जातं. जगभर हे सिनेमे झाले, अजून होतात. त्यांना उथळ म्हणणारी माणसं मला भेटली आहेत. मला ते कधी उथळ वाटले नाहीत, कारण आमच्या घरात अशाच एका गोष्टीवर एक अख्खा संसार उभा होता.

आजीच्या स्वतःच्या लग्नात कसलाच योगायोग नव्हता. पत्रिका जुळली, देणंघेणं ठरलं, रत्नागिरीकडच्या घरून तिला गिरगावात आणलं. अंतरपाट धरलेला असताना तिने नवऱ्याचे पाय पाहिले होते. "पायाची बोटं बघून कळलं, माणूस तापट नाही," असं ती सांगायची. वरचा माणूस मंगलाष्टकं संपल्यावर दिसला. तरीही या लग्नालासुद्धा ती 'योग'च म्हणायची. मला ते लहानपणी चमत्कारिक वाटे. आत्याच्या बसमधल्या भेटीला योग म्हणायचं आणि मामांनी ठरवून आणलेल्या स्थळालाही योगच म्हणायचं, हे कसं?

कॉलेजात असताना फिल्म सोसायटीत 'इट हॅपन्ड वन नाइट' पाहिला, तेव्हा तो अंतरपाट मला पुन्हा दिसला. फ्रँक काप्राचा हा सिनेमा १९३४ चा. अवचित भेटीच्या विनोदी प्रेमकथांची जी वंशावळ आज आपण बघतो, तिच्यातलं हे फार मोठं घराणं. श्रीमंत बापाची मुलगी घरातून पळते, मायामीहून न्यूयॉर्कला जाणारी रात्रीची बस पकडते, आणि शेजारी नोकरी गेलेला एक बातमीदार येऊन बसतो. पैसे संपत आलेले, वाटेत पाऊस, आणि दोघांना एकाच खोलीत रात्र काढायची वेळ येते. तेव्हा तो खोलीत दोरी बांधून मधे कांबळं टाकतो आणि त्याला बायबलमधल्या जेरिकोच्या तटाचं नाव देतो. तो तट शेवटी पडतो, लग्न झाल्यावर. क्लार्क गेबल आणि क्लॉडेट कोल्बेर या दोघांना ऑस्कर मिळालं, शिवाय उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि पटकथेचंही. पाचही मोठी पारितोषिकं एकाच सिनेमाला मिळण्याची ती पहिली वेळ. मी मात्र त्या कांबळ्याकडे बघत बसले होते. बाई आणि पुरुष, मधे कापड, आणि कापड खाली येण्याची वेळ ठरलेली. आजीला दाखवलं असतं तर तिला इंग्रजीचा एक शब्दही न कळता हा प्रसंग समजला असता.

फरक एवढाच, की आजीच्या बाजूने त्या कापडापर्यंत तिला इतरांनी आणलं होतं. काप्राची मुलगी तिथवर स्वतःच्या पायांनी आली होती, पण प्रेक्षकाने तिला निर्लज्ज म्हणू नये यासाठी सिनेमाने किती खटाटोप केला आहे ते बघा. ती नवऱ्याकडे निघालेली असते. बातमीदार शेजारी येतो तो केवळ जागा नाही म्हणून. खोली एक घ्यावी लागते ती पावसामुळे आणि पैशांमुळे. एकही गोष्ट तिने मागितलेली नाही, सगळं घडत जातं. हीच कथा आपल्याकडे १९५६ मध्ये 'चोरी चोरी' होऊन आली, नर्गिस आणि राज कपूरला घेऊन, आणि १९९१ मध्ये 'दिल है के मानता नहीं' होऊन पुन्हा आली. तिन्ही वेळा मुलगी घर सोडते, आणि तिन्ही वेळा प्रेमाचा दोष तिच्यावर न येता प्रवासावर जातो.

मराठी पडद्यावर एक मुलगी याआधी वेगळी वागून गेली होती, हे सांगितलं नाही तर अन्याय होईल. १९३८ चा 'ब्रह्मचारी'. आचार्य अत्र्यांचं लेखन, मास्टर विनायकांचं दिग्दर्शन आणि नायकाचं कामही त्यांचंच. औदुंबर ब्रह्मचर्याची शपथ घेऊन आश्रमात जातो आणि तिथे मीनाक्षी शिरोडकरांची किशोरी येते. पोहण्याच्या पोशाखातल्या त्यांच्या दृश्याने तेव्हाच्या महाराष्ट्रात केवढी खळबळ माजली, ते आमच्या घरातल्या बायका पन्नास वर्षांनीसुद्धा आवाज खाली करून सांगायच्या. ती किशोरी पावसाची वाट बघत नव्हती. पण घराघरांत मुलींना अशी मोकळीक मिळायला वेळ होता. मधल्या काळासाठी पाऊस लागणार होता.

आजीचा सर्वांत लाडका पाऊस १९५८ च्या 'चलती का नाम गाडी'मधला. आजोबा तिला क्वचित सिनेमाला न्यायचे, त्यांतला हा एक. तीन भावांचं मोटारींचं गॅरेज. अशोककुमार, अनुपकुमार, किशोरकुमार, पडद्याबाहेरही सख्खे भाऊ. थोरल्याला बायकांचं वावडं. एका पावसाळी रात्री मधुबालाची गाडी बंद पडते, ती निथळत गॅरेजात येते, धाकटा गाडी दुरुस्त करून देतो, आणि या गडबडीत ती पैसे न देताच निघून जाते. पाच रुपये बारा आणे. तेवढ्या वसुलीसाठी तो तिला शोधत फिरतो आणि सगळी कथा तिथून पुढे घडते.

हा आकडा आजीच्या तोंडात कायमचा बसला होता. देशात दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली, म्हणजे सिनेमा आला तेव्हा कागदोपत्री आणे गेले होते. पण आजी शेवटपर्यंत पन्नास पैशांना आठ आणेच म्हणत राहिली. कुणी उधारी ठेवली की म्हणायची, "त्याचे पाच रुपये बारा आणे येणं आहे." मला वाटतं, त्या सिनेमातलं हे देणंच तिला पटलं होतं. 'ऋणानुबंध' हा शब्द आपण आता पत्रिकांवर छापण्यापुरता ठेवला आहे, पण तिच्यासाठी तो हिशेबाचा शब्द होता. मागच्या जन्मीचं काहीतरी राहिलेलं असतं, म्हणून माणसं या जन्मी एकमेकांच्या दारात येतात. नवरा-बायको, सासू-सून, अगदी दारावर येणारी भाजीवालीसुद्धा. दोन परक्या माणसांना पुन्हा भेटायला लावायचं तर त्यांच्यात एखादं न फिटलेलं देणं हवं, हे तिच्या आणि मधुबालाच्या पटकथाकाराच्या मनात सारखंच होतं.

आता आत्याकडे येते. मॅट्रिकनंतर तिने टायपिंगची सरकारी परीक्षा दिली आणि एकवीस-बाविसाव्या वर्षी फोर्टातल्या एका कंपनीत टायपिस्ट म्हणून लागली. तेव्हाच्या गिरगावात अशा मुली दर जिन्यावर होत्या. सकाळी पोळीभाजीचा डबा, वॉइलची साडी, वेणीत एखादं फूल, आणि बसस्टॉप. आजी जिथे जन्मभर स्वयंपाकघर आणि गॅलरी यांत राहिली, तिथून तिची मुलगी रोज दोन वेळा परक्या पुरुषांच्या रांगेत उभी राहत होती. मुंबईच्या बसची रांग ही फार मोठी गोष्ट आहे. तिथे जात विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. जो आधी आला तो पुढे. रोज त्याच वेळी तीच माणसं. बोलायचं नसतं, पण एखादा दिसला नाही तर लक्षात येतं. कंडक्टर तेव्हा पत्र्याची पेटी घेऊन माणसांतून वाट काढायचा, पेटीत भाड्यानुसार वेगवेगळ्या रंगांचे तिकिटांचे गठ्ठे, हातात पंच. तिकीट नको असलं तरी त्या पंचाची टिकटिक कानाशी व्हायची. आणि सुट्या पैशांवरून रोजची भांडणं.

बासू चटर्जींनी नेमकी ही रांग पडद्यावर आणली. 'ब्लिट्झ' साप्ताहिकात बरीच वर्षं व्यंगचित्रं काढलेला हा माणूस. रस्त्यावरच्या साध्या माणसाची उभं राहण्याची ढब त्यांना ठाऊक होती. १९७४ मध्ये त्यांनी मन्नू भंडारींच्या 'यही सच है' या कथेवरून 'रजनीगंधा' केला, आणि मराठी प्रायोगिक रंगभूमीवरचे, बँकेत कारकुनी केलेले अमोल पालेकर हिंदीत नायक झाले. समोर मुंबईच्याच विद्या सिन्हा. त्यातली दीपा मुलाखतीसाठी मुंबईला येते, तिथे जुना मित्र भेटतो, आणि दोन पुरुषांमध्ये तिचं मन हेलकावे खातं. मला हा सिनेमा फार जवळचा आहे, कारण त्यात भेटीपेक्षा मुलीच्या मनाला जास्त जागा आहे.

पण आत्याचा सिनेमा १९७६ चा, 'छोटी सी बात'. तेव्हा तिच्या लग्नाला दीड-दोन वर्षं झाली होती. कचेरीतल्या मैत्रिणींबरोबर गेली आणि आठवड्याच्या आत आतोबांना घेऊन पुन्हा गेली. "आमचाच स्टॉप दाखवलाय," असं सांगत सुटली होती. दाखवलेला स्टॉप कुठलाही असो, तिचं म्हणणं खरंच होतं. अरुण रोज प्रभाच्या मागे रांगेत उभा राहतो. बोलायची हिंमत नाही. बस येते, बस जाते. मधेच असरानीचा नागेश स्कूटर घेऊन टपकतो आणि प्रभाला मागे बसवून नेतो. अरुण ईर्ष्येने जुनी मोटारसायकल घेतो तर ती भर रस्त्यात दगा देते. म्हणजे इथेही गाडी बंद पडते, पण तिच्यातून कुठलाच योग निघत नाही, नुसती फजिती होते. मग तो खंडाळ्याला अशोककुमारच्या कर्नलकडे प्रेमाचे धडे घ्यायला जातो. 'स्कूल फॉर स्काउंड्रल्स' या १९६० च्या इंग्रजी सिनेमाची ही कल्पना, पण ती मुंबईत अशी रुजली की मूळ परकं आहे हे कुणाला आठवत नाही. अठरा वर्षांपूर्वी गॅरेजात बायकांचं वावडं धरून बसलेले अशोककुमार इथे दुसऱ्याला धीट व्हायला शिकवत होते, हे बघताना आजीला मोठी मौज वाटली होती.

आज बघताना अरुणचं रोज मागे मागे जाणं मला खटकतं. मुलींना या पाठलागाचा किती जाच होतो ते मी स्वतः सोसलं आहे, आणि सिनेमा गोड आहे म्हणून ते झाकू नये. तरी हा सिनेमा मी टाकून देत नाही, तो विद्या सिन्हांच्या चेहऱ्यामुळे. प्रभाला सगळं कळत असतं. मागे कोण आहे, किती दिवस आहे, आज त्याने कोणता शर्ट घातला आहे. ती ओठ मिटून हसते आणि पुढे चालू लागते. भेट आपोआप घडत नाही म्हणून अरुण हताश होतो, तेव्हा प्रभा शांतपणे वाट बघत असते. हे हसू मी कितीतरी वेळा पाहिलं. ते मी आधी कुठे पाहिलं होतं, ते मात्र फार उशिरा उमगलं.

तीन वर्षांनी, १९७९ मध्ये, बासूदांनी रांग सोडून लोकल पकडली. 'बातों बातों में'. वांद्र्याहून चर्चगेटकडे जाणारा लोकलचा डबा, टोनी आणि नॅन्सी, अमोल पालेकर आणि टीना मुनीम. इथली भेट अवचित दिसते, पण तिच्यामागे एक म्हातारा आहे. टॉमकाका. डेव्हिड या नटाने ती भूमिका केली. त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर, कोकणपट्टीतल्या बेने इस्रायली समाजातले, आडनावातच चेऊल गाव घेऊन आलेले. टक्कल, गोल चेहरा, आणि डोळ्यांत मिस्कीलपणा. टॉमकाकाच दोघांची ओळख घडवून देतो आणि मग जणू आपला काही संबंध नाही असा बसतो. अवचित भेटीच्या सिनेमांत मला सगळ्यांत खरा वाटतो तो हा म्हातारा. योग जुळवणारी माणसं घरातच असतात, फक्त ती श्रेय वर पाठवून देतात.

आत्याच्या लग्नाला आजोबांचा विरोध होता. आतोबा साताऱ्याकडचे, 'आपल्यातले' नव्हते. दोन महिने आजोबा मुलीशी बोलले नाहीत. नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली, नोकरीला पाठवली तेव्हाच म्हटलं होतं, ही जी कुजबुज असते ती. रजिस्टर लग्न करायचं ठरलं. विशेष विवाह कायद्याने तीस दिवसांची नोटीस कचेरीच्या फळ्यावर लागते, तीन साक्षीदार लागतात. तो महिनाभर आजीने काय केलं असेल, तर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला बसची गोष्ट सांगितली. जावांना, विहिणींना, भिक्षुकांना. पाऊस, सुटे नाहीत, ओळख ना देख, बस बंद. पोरीने काही केलेलं नाही. देवाच्या मनात होतं. भरपावसात ज्याने लाज राखली त्याला नाही कसं म्हणायचं? हळूहळू लोक ती गोष्ट आजीलाच परत सांगू लागले. आजोबाही शेवटी म्हणाले, "योगच म्हणायचा." आजीने हट्टाने घरी चार माणसांत अंतरपाट धरायला लावला, आणि आजोबांनी त्याचं एक टोक धरलं.

हे मला आत्याकडून कळलं, फार उशिरा. आतोबा गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी मी डोंबिवलीला तिच्याकडे चार दिवस राहायला गेले होते. संध्याकाळी करमेना, म्हणून लॅपटॉपवर 'सेरेन्डिपिटी' लावला. २००१ चा, पीटर चेल्समचा. मला वाटलं, हिला आवडेल. न्यूयॉर्कमध्ये नाताळची गर्दी, मोठ्या दुकानात हातमोज्यांचा शेवटचा एकच जोड, आणि एकाच वेळी दोघांचा त्याला हात लागतो. जॉन क्यूसॅक आणि केट बेकिन्सेल. संध्याकाळ एकत्र जाते, मन जुळतं. तो नाव-नंबर मागतो. ती म्हणते, नशिबावर सोडू. त्याला पाच डॉलरच्या नोटेवर नंबर लिहायला लावते आणि ती नोट लगेच खर्च करून टाकते. स्वतःचा नंबर लिहिते मार्केसच्या 'लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा'च्या एका प्रतीत, आणि ती प्रत जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकणार म्हणून सांगते. दोन्ही वस्तू फिरून आल्या तर आपलं ठरलेलं होतं.

मी आत्याला थोडक्यात मराठीत सांगत होते. ती पुढे सरकून बसली.

"खर्च केली? नंबर लिहिलेली नोट खर्च केली?"

"तिला बघायचंय गं, नशिबात असेल तर परत येईल."

"आणि नाही आली म्हणजे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिनेमात नोट परत येते, पण तोवर वर्षं गेलेली असतात आणि दोघांची लग्नं भलतीकडे ठरलेली असतात. आत्याला तेवढं ऐकायचंच नव्हतं. ती उठून दुधाखालचा गॅस बारीक करून आली. लॅपटॉपचं झाकण तिने हाताने थोडं खाली केलं.

"त्या दिवशी पाऊस नव्हता," ती म्हणाली.

मला क्षणभर कळलंच नाही, ती कुठल्या दिवसाबद्दल बोलते आहे.

"मार्गशीर्ष होता. गुरुवार. उपास होता म्हणून पक्कं लक्षात आहे. पाऊस आईने घातला. मधुबालाचा."

"आणि बस बंद पडली ती?"

"कुठली बंद पडते! चांगली चालली होती. आम्ही उतरलो. गिरगावात उतरलो असतो तर चाळभर झालं असतं, म्हणून धोबी तलावाला उतरलो. मीच म्हटलं, इथे नोट मोडून मिळेल."

"म्हणजे ओळख होती?"

"ओळख कसली. आठ महिने रांगेत मागे असायचे. त्यांच्या डाव्या चपलेचा अंगठा शिवलेला होता, तो मला पाठ होता." आणि ती हसली. ओठ मिटून. विद्या सिन्हांचं ते हसू मी कुठे पाहिलं होतं ते मला तेव्हा कळलं. लहानपणापासून, आजी गोष्ट सांगताना दारात उभ्या असलेल्या आत्याच्या चेहऱ्यावर.

इराण्याकडे काही घेतल्याशिवाय नोट मोडून मिळेना. मग दोघं संगमरवरी टेबलाशी बसले. तिचा उपास, म्हणून तिने नुसता चहा घेतला. तिचा उपास आहे म्हटल्यावर त्यांनीही ब्रून परत पाठवला आणि नुसता चहा घेतला. सुटे आले तेव्हा तिने तिकिटाचे पैसे टेबलावर त्यांच्यासमोर ठेवले. "त्यांनी घेतले," आत्या म्हणाली. "मोजून घेतले. राहू द्या म्हणाले असते ना, तर मी पुन्हा बोलले नसते. उपकार नको होते मला."

मग मी तो प्रश्न विचारला, जो आम्ही कुणी कधीच विचारला नव्हता. खरंच सुटे नव्हते?

"होते की."

आजीकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, तो मलाही आठवतो. त्यात ती घरातली सगळी नाणी जमवायची. कंडक्टरची कटकट नको, म्हणून रोज सकाळी ती स्वतः आत्याच्या पर्समध्ये बसचे पैसे मोजून ठेवायची. जाण्याचे एका कप्प्यात, येण्याचे दुसऱ्या कप्प्यात. आणि अडीनडीला म्हणून आतल्या चोरकप्प्यात चौपदरी घडी घातलेली एक रुपयाची नोट. ती मोडायची नाही, अशी सक्त ताकीद. त्या गुरुवारी येण्याचे पैसे पर्समध्ये जिथल्या तिथे होते. आत्याने त्या कप्प्याला हातच लावला नाही. तिने चोरकप्पा उघडला.

"आणि आजी?" मी विचारलं. "तिला कळलं नाही?"

आत्या खिडकीकडे बघत होती. बाहेर लोकल गेली, ती जाईपर्यंत काही बोलली नाही.

"पर्स रात्री तीच उघडायची ना, दुसऱ्या दिवसाचे ठेवायला. डबा मांडीवर घेऊन बसली. येण्याचे पैसे तसेच. नोट नाही, आणि तिच्या जागी मोड. तिने सगळी मोजली. चहाचे किती गेले ते तिला लगेच कळलं असणार. माझ्याकडे बघितलं. मी पाटावर बसले होते, समोर ताट. मला वाटलं, आता विचारणार."

"मग?"

"म्हणाली, हात धुऊन घे, उपास सोडायचाय. एवढंच. सकाळी निघताना मी पर्स उघडून बघितली. जाण्याचे होते, येण्याचे होते. आणि चोरकप्प्यात नवी नोट घडी घालून ठेवलेली होती."